विज्ञान, तंत्रज्ञान आणि सार्वजनिक धोरण: नाशिकच्या ख्रिस्ती मंडळ्यांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहरात आणि जिल्ह्यात रोमन कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, पेंटेकॉस्टल आणि इतर अनेक ख्रिस्ती मंडळ्या आहेत. त्यांच्या उपासनेच्या पद्धती निराळ्या असल्या तरी विज्ञान, वैद्यक आणि शासनाची धोरणे यांविषयी सभासदांना पडणारे प्रश्न बहुतांशी सारखेच असतात. पुढील प्रश्न उपासनेनंतरच्या बोलण्यात, तरुणांच्या अभ्यासवर्गांत आणि रुग्णाच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकांकडून पुन्हापुन्हा ऐकलेले आहेत. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही समजतील अशा बेताने उत्तरे लिहिली आहेत. डॉक्टरांच्या किंवा वकिलांच्या सल्ल्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

या विषयांवर एकच अशी ‘ख्रिस्ती भूमिका’ आहे का?

थोड्या बाबतींत आहे, पुष्कळ बाबतींत नाही. प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेला आहे आणि म्हणून त्याची किंमत त्याच्या जातीवरून, पैशावरून किंवा प्रकृतीवरून ठरत नाही, यावर सर्व मंडळ्यांचे एकमत आहे. त्यापुढे मात्र वाटा फुटतात. रोमन कॅथलिक पंथात पोपची परिपत्रके आणि व्हॅटिकनच्या विभागांची टिपणे यांतून लेखी भूमिका मिळते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सिनॉडचे (मंडळ्यांच्या प्रतिनिधींच्या सर्वोच्च सभेचे) ठराव असतात, पण अखेरचा निर्णय बराचसा व्यक्तीच्या विवेकावर सोडलेला असतो. स्वतंत्र मंडळ्यांत पाळकाच्या (मंडळीच्या धर्मसेवकाच्या) शिकवणीला मोठे वजन असते. त्यामुळे पुढे जेथे कॅथलिक भूमिका असे म्हटले आहे, तेथे ती सर्वांची समजू नये.

आमची स्वतःची धारणा सुरुवातीलाच सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. ज्या प्रश्नाचे उत्तर मोजमापाने मिळते, तो मोजमापानेच सोडवावा आणि तेथे बायबलमधील वचन पुराव्याच्या जागी ठेवू नये. मोजून झाल्यावर त्या उत्तराचा लाभ कोणाला होतो आणि भार कोणावर पडतो, हे विचारणे मात्र श्रद्धेचे काम आहे, आणि ते काम प्रयोगशाळा आपल्यासाठी करून देणार नाही.

बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात सहा दिवसांत सृष्टी झाली असे आहे. मग विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे आहे हे ख्रिस्ती विद्यार्थ्याने मानावे का?

मानावे, आणि त्यासाठी बायबल मिटून ठेवण्याची गरज नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा शब्दशः अर्थ लावू नये, ही आधुनिक काळात विज्ञानाला घाबरून काढलेली पळवाट आहे असा समज आहे. तो चुकीचा आहे. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला असेल तर त्याआधीच्या तीन दिवसांना सकाळ आणि संध्याकाळ कशी असेल, हा प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने विचारला होता, तेव्हा दुर्बीणही नव्हती आणि भूगर्भशास्त्रही नव्हते. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीवर विस्तृत भाष्य लिहिताना ताकीद दिली की आकाश आणि तारे यांविषयी अभ्यासाने सिद्ध झालेल्या गोष्टींबद्दल ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, हवाला देऊन अज्ञान पाजळू लागला, तर ऐकणारा त्या शास्त्रातील मृतांच्या पुनरुत्थानाच्या आशेवरही विश्वास ठेवणार नाही. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन यांनी मान्य केले की शनी चंद्रापेक्षा मोठा असल्याचे खगोलशास्त्रज्ञ सिद्ध करतात. उत्पत्तीचे पुस्तक ज्याचे मानले जाते त्या मोशेने चंद्राला मोठी ज्योती म्हटले, कारण तो सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसते तसे लिहीत होता.

इ.स.पूर्व ४००४ हे सृष्टीचे वर्ष बायबलच्या मूळ मजकुरात कोठेही नाही. सतराव्या शतकातील आर्चबिशप अशर यांनी वंशावळींवरून केलेला तो हिशेब आहे, आणि पुढे तो इंग्रजी बायबलांच्या समासात छापला गेल्यामुळे त्याला नसलेले वजन आले.

प्रसरण पावणाऱ्या विश्वाची आणि त्याच्या आरंभीच्या अतिघन अवस्थेची कल्पना मांडणाऱ्यांत जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू अग्रभागी होते. त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध १९२७ मधला आहे. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये एका भाषणात या सिद्धान्ताची सांगड निर्मितीच्या श्रद्धेशी घातली, तेव्हा लमेत्र यांनाच ते रुचले नाही. आपला सिद्धान्त भौतिकशास्त्राचा आहे, तो पुढे बदलू शकतो, आणि देवावरील श्रद्धा अशा बदलत्या पायावर उभी करू नये, असे त्यांचे मत होते. ‘पाहा, विज्ञानाने आमचे बायबल सिद्ध केले’ असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या प्रत्येक वक्त्याने हा प्रसंग वाचावा, असे आम्हांला मनापासून वाटते.

उत्क्रांतीचे काय?

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकता आणि उत्क्रांती हा पाठ आहे, आणि काही ख्रिस्ती घरांत तो ‘परीक्षेपुरता वाच, मनावर घेऊ नको’ असे सांगून शिकवला जातो. हे सांगणे मुलाला दुटप्पीपणा शिकवते. कॅथलिक पंथाने १९५० मध्ये मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधन आणि चर्चा करण्यास हरकत नसल्याचे म्हटले, आणि १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही आता केवळ एक अटकळ राहिलेली नाही असे स्पष्ट केले. आत्मा मात्र थेट देवाकडून येतो, ही शिकवण त्यांनी कायम ठेवली. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल हे स्वतः ऑगस्टिनियन मठवासी होते आणि त्यांचा वाटाण्यावरील निबंध १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला.

सहा दिवसांचा शब्दशः अर्थ मानणाऱ्या मंडळ्या नाशिकमध्येही आहेत. त्यांची श्रद्धा खोटी नाही आणि त्यांची थट्टा होऊ नये. पण त्यांच्या पाळकांनी विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला मुलांसमोर श्रद्धेचा शत्रू ठरवू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

गॅलिलिओला चर्चने शिक्षा केली, हे खरे आहे ना?

खरे आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मतावर १६१६ मध्ये बंदी घालण्यात आली, १६३३ मध्ये गॅलिलिओला ते मत सोडल्याची शपथ घ्यायला लावली गेली, आणि १६४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो नजरकैदेत राहिला. न्याय करणाऱ्या धर्मशास्त्रज्ञांची चूक झाली होती, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये जाहीरपणे मान्य केले.

काही ख्रिस्ती लेखक असा बचाव करतात की गॅलिलिओकडे त्या वेळी पूर्ण पुरावा नव्हता. ते अक्षरशः बरोबर आहे: भरती-ओहोटीवरून त्याने केलेला युक्तिवाद चुकीचा होता, आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे जवळच्या ताऱ्यांच्या स्थितीत दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत दिसणारा सूक्ष्म फरक १८३८ पर्यंत मोजता आला नव्हता. परंतु अपुरा पुरावा हे माणसाला गुडघे टेकायला लावण्याचे कारण होऊ शकत नाही. पुराव्याला उत्तर पुराव्याने द्यायचे असते, आणि अधिकाराने उत्तर देण्याचा मोह आजही चर्चला आणि शासनाला सारखाच होतो.

आधुनिक विज्ञान ख्रिस्ती धर्मातूनच जन्मले, असे काही वक्ते सांगतात. ते बरोबर आहे का?

इतके सरळ नाही. कोपर्निकस, केप्लर, न्यूटन, फॅरेडे हे श्रद्धावान होते आणि सृष्टीत नियम आहेत या विश्वासाने ते नियम शोधत होते, हे खरे. पण त्यांनी वापरलेली अंकपद्धती भारतातून अरबांमार्फत युरोपात पोहोचली होती, आणि त्यांच्या खगोलशास्त्रामागे ग्रीक व अरब निरीक्षणांची शतके उभी होती. महाराष्ट्रातही एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी नवे भूगोल-खगोल मराठीत आणले, १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाने ते घरोघरी पोहोचवले, आणि हे मोठे काम होते, मात्र त्याच विज्ञानाचा वापर पुराणांना खोटे पाडण्यासाठी करताना तोच प्रश्न उत्पत्तीच्या पुस्तकालाही विचारला जाईल, याचा विचार फारसा झाला नाही.

आजारपणात औषध घेणे म्हणजे प्रार्थनेवर अविश्वास दाखवणे आहे का?

नाही. हा प्रश्न आम्हांला सर्वांत अधिक काळजीचा वाटतो, कारण येथे चुकीच्या उत्तराने माणूस दगावतो.

बायबलच्या नव्या करारात याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असे सांगितले आहे. त्याच नव्या करारात पौल आपल्या सोबत्याला प्रिय वैद्य लूक असे म्हणतो. लूकाने वैद्यकी सोडून द्यावी असे कोठेही म्हणत नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात तो परदेशी माणूस वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, उतारशाळेत नेतो आणि पुढच्या खर्चाची हमी देतो. कॅथलिक बायबलात असलेल्या बेन सिराच्या ग्रंथात तर वैद्याचा मान राखावा आणि औषधे परमेश्वरानेच भूमीतून उत्पन्न केली आहेत, असे स्पष्ट लिहिले आहे.

चंगाईच्या (प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या) सभेत बरे झाल्याची साक्ष दिल्यानंतर इन्सुलिन, फिटांच्या गोळ्या किंवा क्षयरोगाची औषधे बंद करणारे लोक आपल्यात आहेत. साध्या क्षयरोगाचा उपचार सहसा सहा महिने चालतो; पहिल्या दोन महिन्यांतच खोकला आणि ताप कमी होतो, वजन वाढते, आणि रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. त्या टप्प्यावर गोळ्या सोडल्या तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि असा जंतू घरातल्या लहान मुलापर्यंत पोहोचतो. फिटा म्हणजे भूतबाधा आणि नैराश्य म्हणजे अविश्वास, ही समजूत तितकीच घातक आहे. प्रार्थना करणाऱ्या सेवकाने ‘औषध चालू ठेवा’ एवढे तीन शब्द प्रत्येक वेळी उच्चारले, तर त्याच्या सेवेचे मोल वाढेल.

चमत्काराच्या बाबतीत चर्चची जुनी शिस्त आपल्याकडच्या उत्साहापेक्षा कितीतरी कडक आहे. फ्रान्समधील लूर्द येथे १८५८ पासून भाविक जातात आणि १८८३ पासून तेथे दावे तपासणारे वैद्यकीय कार्यालय आहे. नोंदवलेल्या हजारो दाव्यांपैकी चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सुमारे ७० एवढ्याच आहेत.

कायद्याचीही माहिती असावी. अनेक आजार बरे करण्याच्या चमत्कारी दाव्यांच्या जाहिरातींवर १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि मधुमेह, कर्करोग, अपस्मार त्या यादीत आहेत. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, आला. साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखणे त्याने गुन्हा ठरवले. तो सर्व धर्मांना सारखा लागू आहे आणि तो प्रार्थनेच्या विरोधात नाही. त्याला ख्रिस्ती माणसाने मनापासून पाठिंबा द्यावा, असे आमचे मत आहे.

गर्भपात झालेल्या भ्रूणाच्या पेशींपासून लस बनते असे ऐकले. ती घ्यावी का?

कोविडच्या काळात हा प्रश्न प्रामाणिक काळजीने विचारला गेला. पुण्यात तयार झालेल्या कोविशिल्डच्या निर्मितीत १९७० च्या दशकात प्रयोगशाळेत वाढवलेल्या एका मानवी पेशीवंशाचा वापर होता. कोव्हॅक्सिनसाठी माकडाच्या मूत्रपिंडातील पेशी वापरल्या गेल्या. व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने २१ डिसेंबर २०२० रोजी म्हटले की दुसरी निर्दोष लस उपलब्ध नसताना अशी लस घेणे नैतिकदृष्ट्या मान्य आहे, कारण घेणाऱ्याचा त्या मूळ कृत्याशी असलेला संबंध फार दूरचा आहे. लस हा सर्वसाधारणपणे ऐच्छिक निर्णय असावा, पण दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी विसरू नये, असेही त्याच टिपणात होते. आमचा अनुभव असा की पेशींचा मुद्दा पुढे करणाऱ्यांपैकी पुष्कळांची खरी भीती लसीच्या परिणामांविषयी असते. त्या भीतीला धर्मशास्त्राचे उत्तर देऊन उपयोग नाही; तिला डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगणे लागते.

मूल होत नाही. टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार घेणे पाप आहे का?

कॅथलिक शिकवण १९८७ पासून लेखी स्वरूपात नकार देते, आणि २००८ मध्ये तिची पुन्हा मांडणी झाली. नकाराची कारणे दोन: गर्भधारणा पतिपत्नींच्या मीलनापासून तोडली जाते, आणि या प्रक्रियेत तयार होणारे अनेक भ्रूण गोठवले किंवा नष्ट केले जातात. वंध्यत्वाची कारणे शोधणे आणि शस्त्रक्रिया किंवा औषधाने ती दूर करणे याला मात्र पूर्ण मुभा आहे. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या पतिपत्नींच्याच पेशी वापरून केलेला उपचार मान्य करतात आणि जास्तीचे भ्रूण तयार करू नयेत असे सांगतात. ही अट डॉक्टरांना आधी सांगता येते. भारतात या उपचाराचे नियमन २०२१ च्या कायद्याने होते, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने व्यावसायिक सरोगसीवर बंदी आहे.

नियम सांगणे सोपे आहे. आपल्याकडे निपुत्रिक स्त्रीला चर्चच्या आवारातही जे टोमणे ऐकावे लागतात, ते थांबवण्याची जबाबदारी नियम सांगणाऱ्यांवर आधी येते.

लिंगनिदानाविषयी चर्चचे म्हणणे काय?

येथे मतभेदाला जागाच नाही. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे हे सर्व मंडळ्यांच्या दृष्टीने पाप आहे, आणि गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम यावर कायदा केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. ख्रिस्ती कुटुंबांत हे होत नाही असे गृहीत धरू नये.

व्हेंटिलेटर काढायला संमती देणे म्हणजे आपल्या माणसाला मारणे आहे का?

अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या मुलामुलींना हा प्रश्न विचारताना आम्ही पाहिले आहे, आणि त्यांच्यावर आलेले ओझे कोणत्याही परिच्छेदाने हलके होणार नाही. तरी शिकवण समजून घेतली तर निदान खोट्या अपराधीपणातून सुटका होते.

पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे बोलताना भेद स्पष्ट केला: जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे कर्तव्य आहे, पण रुग्णावर किंवा कुटुंबावर असह्य भार टाकणारे असाधारण उपाय चालू ठेवण्याचे बंधन नाही. विषारी इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे वेगळे, आणि बरे होण्याची आशा उरलेली नसताना केवळ मरणप्रक्रिया लांबवणारे यंत्र थांबवून येणारा मृत्यू स्वीकारणे वेगळे. पहिल्याला चर्चचा विरोध आहे, दुसऱ्याला नाही. अन्नपाणी आणि वेदनाशमन मात्र शेवटपर्यंत द्यावे, असे कॅथलिक शिकवण सांगते; वेदना कमी करण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली तरी ते देता येते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या केईएम रुग्णालयात अनेक वर्षे अचेत अवस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ मध्ये या विषयाला हात घातला आणि ९ मार्च २०१८ रोजी आगाऊ वैद्यकीय निर्देश (शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत याची सूचना) लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. २०२३ पासून असा निर्देश नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करता येतो. शुद्धीवर असताना आणि कुटुंबाशी बोलून तो लिहिणे ख्रिस्ती श्रद्धेशी पूर्णपणे सुसंगत आहे. आपल्या मंडळ्यांत लग्नापूर्वीचे मार्गदर्शन असते, तसे वृद्धांसाठी या विषयाचे मार्गदर्शनही सुरू व्हावे.

अवयवदानाविषयीही येथेच सांगतो, कारण तो प्रश्न त्याच व्हरांड्यात विचारला जातो. पुनरुत्थानासाठी शरीर अखंड पुरावे लागते, ही समजूत निराधार आहे. दान स्वेच्छेने आणि मोबदला न घेता केलेले असेल, तर कॅथलिक धर्मशिक्षण त्याला उदात्त कृत्य म्हणते.

लासलगावला कांद्यावर किरणांचा मारा करतात. असे अन्न आणि जनुकबदल केलेली पिके देवाच्या निर्मितीत ढवळाढवळ नाहीत का?

आधी मोजता येणारी गोष्ट पाहू. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लासलगाव येथील प्रकल्पात कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडले जातात. त्यांमुळे कोंबातील पेशींचे विभाजन थांबते आणि कांद्याला मोड येत नाहीत. या किरणांची ऊर्जा अन्न किरणोत्सारी होण्याइतकी नसते. क्ष-किरण तपासणीनंतर माणूस किरणोत्सारी होत नाही, तसेच हे आहे. याच प्रकल्पात प्रक्रिया केलेला आंबा २००७ मध्ये अमेरिकेला गेला. ढवळाढवळीचा आक्षेप खरा मानला तर कलम केलेली द्राक्षवेलही सोडावी लागेल, आणि मग निफाड-दिंडोरीत काय उरेल?

आता पुढचा प्रश्न. मोड न येणारा कांदा सुकून किंवा सडून वाया जाऊ नये, यासाठी साठवणूकही नीट लागते, आणि ती परवडणारा व्यापारी वेगळा असतो, बांबूच्या चाळीत कांदा ठेवणारा दोन एकरांचा शेतकरी वेगळा. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. त्या महिन्यांत शेतकऱ्याच्या हाती पडलेला भाव विकिरणाने नव्हे, धोरणाने ठरला. शहरातल्या मजुराला स्वस्त कांदा मिळावा हीही न्यायाचीच मागणी आहे. दोघेही शेजारी असताना सगळा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणारे धोरण योग्य कसे, हे विचारण्याचा अधिकार आणि जबाबदारी आपली आहे.

बियाण्यांबाबतही असेच. जनुकबदल केलेल्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात अशा पिकांच्या हानीचा निर्णायक पुरावा नाही हे मान्य केले आहे, आणि त्याचबरोबर ती आल्यावर जमीन मोजक्या हातांत जाते व लहान शेतकरी विस्थापित होतो, ही चिंताही मांडली आहे. दोन्ही वाक्ये एकत्र वाचावीत.

गोदावरी आणि सिंहस्थ हा हिंदू समाजाचा विषय आहे. ख्रिस्ती लोकांनी त्यात बोलावे का?

गोदावरी सर्व नाशिककरांची आहे, आणि गंगापूर धरणाचे पाणी चर्चच्या नळालाही येते. देवाने माणसाला एदेन बागेत तिची मशागत व राखण करण्यासाठी ठेवले, असे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. राखण करणाऱ्याने ‘हा शेजाऱ्याचा बांध’ म्हणून डोळे मिटून घेणे त्या आज्ञेत बसत नाही. पर्यावरणाच्या नाशाचे मूळ माणसाला सृष्टीचा धनी मानणाऱ्या पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहे, असा आरोप इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये केला होता. त्यात अतिशयोक्ती असली तरी तथ्य आहे, आणि कृतीखेरीज त्याला उत्तर नाही.

बोलताना पथ्य पाळावे. ज्या पाण्याला कोट्यवधी लोक पवित्र मानतात त्याच्या स्नानाबद्दल हिणवून बोलणे ख्रिस्ती तोंडाला शोभत नाही. बोलायचे ते मापांवर बोलावे. उघड्यावरील स्नानासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष असा आहे की पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी आणि विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम असावा. रामकुंडापासून तपोवनापर्यंत आणि नासर्डीच्या संगमावर हे आकडे काय आहेत, सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची क्षमता वाढत्या वस्तीला पुरते का, आणि २०२७ च्या पर्वण्यांनंतर ही व्यवस्था टिकेल का, हे विचारताना भाविकाचे हित आणि नदीकाठच्या झोपडीतल्या मुलाचे हित एकच असते. आपले अंगणही तपासावे: फेब्रुवारीतील बाळ येशूच्या यात्रेनंतर नाशिकरोडला उरणारे प्लास्टिक हा आपला हिशेब आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी ख्रिस्ती मंडळ्या काय म्हणतात? उपदेश लिहिण्यासाठी ती वापरावी का?

व्हॅटिकनने फेब्रुवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट, आयबीएम आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्यासह एका नीतिविषयक आवाहनावर स्वाक्षऱ्या केल्या. जानेवारी २०२५ मध्ये या विषयावर सविस्तर टिपण काढले. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप चौदावे लिओ यांनी आपले नाव निवडण्यामागचे कारण सांगताना तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या कामगारविषयक परिपत्रकाची आठवण केली आणि आज कृत्रिम बुद्धिमत्ता श्रम व मानवी प्रतिष्ठेपुढे तसेच आव्हान उभे करते असे म्हटले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणाऱ्या आपल्या मुलांसाठी हा दूरचा विषय नाही.

संदर्भ शोधायला, भाषा तपासायला ती वापरण्यात गैर नाही, मात्र ती वचनांचे अध्याय-क्रमांक बिनदिक्कत चुकीचे देते, म्हणून प्रत्येक संदर्भ उघडून पाहावा. संपूर्ण उपदेश तिच्याकडून घेऊ नये. गेल्या आठवड्यात कोणाच्या घरी मयत झाली आणि कोणाचे काम सुटले, हे माहीत असलेल्या माणसाकडून मंडळी वचन ऐकायला येते.

याहून जवळचा प्रश्न व्हॉट्सॲपचा आहे. प्रार्थनेच्या विनंतीबरोबर रुग्णाचे नाव, तपासणीचा अहवाल आणि खाटेवरचे छायाचित्र दोनशे जणांच्या गटात टाकले जाते. त्यात एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात असे काहीही असू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. देवाला नाव माहीत असते; गटात ते रुग्णाच्या परवानगीशिवाय लिहू नये.

चर्चने राजकारणात पडावे का?

धर्माच्या नावावर मत मागणे हा निवडणूक कायद्याखाली भ्रष्ट व्यवहार आहे, आणि जानेवारी २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने त्याचा अर्थ अधिक व्यापक केला. उमेदवाराचे नाव व्यासपीठावरून घेऊ नये. धोरणाविषयी बोलणे मात्र वेगळे, आणि त्याला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. पंडिता रमाबाई यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे अशी मागणी केली. १८९७ मध्ये, तेव्हा त्या ख्रिस्ती होत्या आणि राज्यकर्तेही ख्रिस्ती होते, तरी पुण्यातील प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात उघडपणे लिहिले. त्यांनी साथ नाकारली नाही आणि उपचारही नाकारला नाही. त्या व्यवस्थेत असहाय मुलीचे काय होते, एवढे त्यांनी विचारले.

आपल्या नाशिकमधील शरणपूर या मिशनऱ्यांच्या वसाहतीचा इतिहासही हेच शिकवतो. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे लिहायला आणि सुतारकी-लोहारकी शिकली. त्यांतला जेकब वेनराइट हा १८७३-७४ मध्ये मिशनरी व संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे पार्थिव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत होता. ती मुले मुक्त झाली ती गुलामीविरुद्धच्या कायद्यामुळे, आणि तो कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्यांत अनेक ख्रिस्ती होते. गुलामीचे समर्थन करणारेही बायबलच दाखवत होते, हेही विसरू नये.

मग सामान्य सभासदाने नेमके काय करावे?

महापालिकेच्या विकास आराखड्यावर आणि मोठ्या प्रकल्पांवर हरकती व सूचना मागवल्या जातात. त्या मुदतीत लेखी द्याव्यात आणि पोच घ्यावी. गावात राहणाऱ्यांनी ग्रामसभेला जावे आणि आरोग्य उपकेंद्राचा विषय मांडावा. पाण्याच्या नमुन्यांचे आकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रसिद्ध करते. इतर माहितीसाठी माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज केल्यास सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. निवेदनात बायबलची वचने घालण्याऐवजी मोजमाप, कायद्याचे कलम आणि बाधित कुटुंबांची बाजू लिहावी, कारण ते वाचणारा अधिकारी कोणत्याही धर्माचा असू शकतो आणि सही करणाऱ्यांत शेजारच्या मशिदीतले आणि देवळातले लोकही असावेत.